मान वळवून पाहिलेली साडी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षमहोदय, मंडळाचे कार्यकर्ते, आणि हातात प्रसाद पडल्यानंतरही खुर्ची न सोडलेल्या सर्व काका-काकूंनो,

पत्रिकेवर आमच्या भाषणाचा विषय "आभासी वास्तव आणि वस्तूंचे प्रदर्शन" असा छापला आहे. तो वाचून परवा एका काकूंनी आम्हाला जिन्यातच थांबवलं आणि विचारलं, "हे अध्यात्मावर आहे का रे?" आम्ही नाही म्हणालो. घरी गेल्यावर वाटलं, अगदीच नाही असंही नाही. कारण जे दिसतं ते खरं का, हाच आमचाही प्रश्न आहे. फक्त आम्ही तो एका साडीबद्दल विचारतो आहोत.

आम्ही म्हणजे तिघे. दोघे राज्य सरकारच्या नोकरीत आणि एक लग्नामुंजींचे फोटो काढणारा. तिघांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला एकत्र प्रवेश घेतला. दोघांनी तो पूर्ण केला, तिसऱ्याने शेवटच्या वर्षी सोडला. आज तिघांत जास्त कमाई त्याचीच आहे, पण तो विषय वेगळा. आज जे सांगणार आहोत ते सगळं सुट्टीच्या दिवशी, घरच्या पैशाने केलेलं आहे. कुठल्याही खात्याच्या वतीने आम्ही बोलत नाही. पेन्शनचं जे व्हायचं ते आमच्या पिढीचं आधीच झालेलं आहे, निदान नोकरी तरी राहू द्या.

सुरुवात महेश्वरपासून करतो. इथून नव्वद किलोमीटरच्या आसपास, आपल्यापैकी बहुतेकांचं वर्षातून एकदा तरी जाणं होतं. तिथल्या विणकर बायकांच्या एका लहान गटाशी आमचा बऱ्याच वर्षांचा घरोबा आहे. महेश्वरी साडीचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्याला बुगडी म्हणतात. हे आपल्या काकूंना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. या ताईंची खरी हातोटी धूपछाव साडीत. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. समजा ताणा हिरवा आणि बाणा जांभळा. समोरून पाहिलं तर मोरपंखी झाक, बाजूने पाहिलं तर जांभळी, आणि निरीच्या घडीत दोन्ही.

करोनानंतर या ताई फोनवर फोटो पाठवून साड्या विकायला लागल्या. पुणे, नाशिक, बडोदे, अमेरिकेतलीसुद्धा काही गिऱ्हाइकं. आणि साड्या परत यायला लागल्या. तक्रार एकच, "फोटोत मोरपंखी होती, घरी जांभळी निघाली." गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं आणि ताईंनीही खोटं पाठवलं नव्हतं. फोटो एका कोनातून काढलेला होता, आणि साडी त्या एका कोनापुरतीच तशी होती. साडी परत आली की कुरिअरचा खर्च जातो, घडी मोडलेली साडी पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही, आणि जिने ती कित्येक दिवस मागावर बसून विणली तिची मजुरी लांबते. त्यातल्या एका ताईंनी धूपछाव विणणं सोडून सरळ एकरंगी साड्या घ्यायला सुरुवात केली. म्हणाल्या, "जे फोटोत मावत नाही ते विणून काय करू?"

हे ऐकून आम्हाला लागलं. त्यात आमचाही एक दोष होता, तो आज कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचे लोक आले होते. ते म्हणाले, आम्ही साडीचं त्रिमित मॉडेल करतो, गिऱ्हाईक डोळ्यांवर हेडसेट लावेल आणि दुकानात उभं असल्यासारखी साडी पाहील. आम्ही दोघे सरकारी नोकर, त्यामुळे ताईंनी आम्हाला विचारलं, पैसे द्यायचे का? आम्ही छापील पत्रक वाचलं, "छान आहे" म्हणालो. नमुन्यापुरते पैसे ताईंच्या बचतीतून गेले. नमुना दाखवायला हेडसेट महेश्वरला आला. जिने ती साडी विणली होती त्याच ताईंच्या डोळ्यांवर तो लावला. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, जरा वेळ गप्प राहिल्या, आणि हेडसेट काढून म्हणाल्या, "साडी सुंदर आहे. पण ही माझी नाही."

कंपनीचा माणूस हसला. आम्हाला हसता आलं नाही. पैसे परत मिळाले नाहीत, आणि ताईंनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणून आमचं ओझं जास्त वाढलं.

मग आम्ही तिघे बसलो. त्यांची साडी त्यांना का ओळखता आली नाही?

याचं उत्तर तसं सोपं आहे. त्रिमित मॉडेल करताना वस्तूचे चहूबाजूंनी फोटो काढतात. दोन फोटोंत सापडणारे सारखे ठिपके जुळवून संगणक वस्तूचा आकार काढतो आणि मग त्या आकारावर फोटोंचा रंग कागद डकवावा तसा डकवतो. मातीच्या मडक्याला हे उत्तम चालतं. दगडी मूर्तीला चालतं. चकचकीत, पारदर्शक किंवा एकसारख्या रंगाच्या वस्तूपुढे ही पद्धत अडखळते. आणि जरी तिथे रंग एकदा डकवला की तो कायमचा. जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली धातूची चपटी पट्टी. ती बारीक आरशासारखी वागते, एका कोनातून लखकन चमकते आणि बोटभर सरकलं की विझते. रेशमाचा तंतू कापून पाहिला तर साधारण त्रिकोणी दिसतो, त्याची झळाळीही कोनावर अवलंबून असते. हे सगळं कागदासारखं डकवल्यावर जरीचा पिवळा रंग उरतो आणि चमक जाते. धूपछावचा तर कुठलातरी मधलाच रंग निघतो, सरासरी काढल्यासारखा. ताईंनी तो रंग कधी विणलेलाच नव्हता.

म्हणजे आकार अचूक असून भागत नाही. पाहणाऱ्याचं डोकं जिथे आहे तिथून ती साडी कशी दिसते, ते दाखवता आलं पाहिजे. तो फोटो तिथूनच काढलेला हवा आणि डोकं कुठे आहे हे यंत्राला कळायला हवं. फोटो आणि डोक्याचा माग, या दोन गोष्टी.

यातली कुठलीच गोष्ट नवीन नाही. 1838 मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी दाखवून दिलं की दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली तर मेंदू त्यातून खोली उभी करतो. 1968 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचं पहिलं यंत्र केलं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. त्यात दिसायच्या फक्त रेघा, पण डोकं फिरलं की रेघाही फिरायच्या. 1995 च्या सुमारास ॲपलने फोटोंची माळ करून वस्तू पडद्यावर गोल फिरवायची सोय आणली. आमच्या पिढीला धक्का बसला तो 2007 मध्ये. जॉनी ली नावाच्या संशोधकाने निन्तेन्दो कंपनीच्या खेळण्याचा रिमोट टीव्हीजवळ ठेवला, चष्म्याला दोन इन्फ्रारेड दिवे लावले, आणि टीव्ही जणू खिडकी झाला. डोकं सरकेल तसं आतलं दृश्य सरकायचं. तो व्हिडिओ आम्ही तेव्हा सायबर कॅफेत पैसे मोजून पाहिला होता. 2014 मध्ये गूगलचा पुठ्ठ्याचा चष्मा आला आणि आपल्या सगळ्यांच्या घरी एकेक येऊन माळ्यावर गेला.

एक नाव मात्र इंदूरकर म्हणून घेतल्याशिवाय राहवत नाही. राजा दीनदयाळ. पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून ते प्रसिद्ध झाले, पण त्याआधी रुडकीला शिकून ते इथे, इंदूरला, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. अंदाजपत्रकं आणि नकाशे करायचे. 1874 मध्ये कॅमेरा हाती घेतला आणि तुकोजीराव होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या तुकोजीरावांनी, त्यांना उत्तेजन दिलं. सरकारी नोकरी सांभाळून कॅमेऱ्याच्या नादी लागणारे आम्ही या गावातले पहिले नव्हेत, एवढंच सांगायचं आहे. बाकी तुलना नको.

तर आमचा पहिला प्रयोग फसला. आपल्या मंडळाच्या गणपतीमागे जे फिरतं चक्र असतं, त्याची मोटर आम्ही मागून घेतली. कोषाध्यक्ष बसलेत, त्यांना माहीत आहे, परत केली आहे. तिच्यावर लाकडी पाट, पाटावर साडी नेसवलेला पुतळा, समोर कॅमेरा. मोटर हव्या त्या जागी थांबेना म्हणून शेवटी पाट हातानेच फिरवला, पाच-पाच अंशांनी बहात्तर फोटो. संगणकात घालून मान हलवली तर साडी सुरेख फिरली. पण काहीतरी चुकत होतं, आणि दोन रविवार कळलं नाही काय. मग फोटोग्राफरची आई, वय अठ्ठ्याहत्तर, पाहून म्हणाली, "कुणीतरी माझ्याबरोबर बॅटरी घेऊन चाललंय असं वाटतं."

तेच चुकलं होतं. साडी फिरवली की साडीच्या दृष्टीने दिवा जागा बदलतो. तुम्ही दुकानात मान हलवता तेव्हा दिवा जागचा हलत नाही, फक्त तुमचा डोळा हलतो. आम्ही साडी फिरवून जणू दिवा पाहणाऱ्याच्या डोक्याला बांधून टाकला होता. म्हणजे साडी आणि दिवे जागच्या जागी आणि कॅमेरा फिरवायचा. हे पॉलिटेक्निकात शिकलेल्या तिघांना सुचलं नाही, त्याबद्दल काही बोलू नये.

दुसऱ्यांदा पुतळ्याच्या पायाशी खिळा ठोकून त्याला दीड मीटर दोरी बांधली आणि फरशीवर खडूने कंस काढला. ट्रायपॉडखाली गवंड्याकडून आणलेला ओळंबा सोडला, म्हणजे कॅमेरा नेमका खडूच्या खुणेवर येतो. दोरी ताणली की भिंग कुठे रोखायचं ते कळतं. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटर अंतर असतं. आम्ही दर दोन सेंटिमीटरला खूण केली, म्हणजे दोन खुणा सोडून पुढचा फोटो दुसऱ्या डोळ्याला द्यायचा. कंस दोन मीटर दहा सेंटिमीटर, साधारण ऐंशी अंशांचा. एका ओळीत 106 फोटो झाले. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा, उभ्या काकूंचा डोळा आणि उभ्या काकांचा डोळा अशा तीन उंचींच्या तीन ओळी घेतल्या, एकूण 318. खिडक्यांना मंडळाच्या नाटकाचे काळे पडदे लावले. मे महिना होता, आणि पदर हलतो म्हणून पंखा बंद. जवळजवळ तीन तास. त्या दिवशी आम्ही इंदूरच्या उन्हाळ्याबद्दल जे शब्द वापरले ते स्मरणिकेत छापता येणार नाहीत.

पहिल्या फोटोत साडीशेजारी अठरा टक्के करडा कागद धरला. कॅमेरा ट्यूबलाइटच्या उजेडात एक रंग दाखवतो, एलईडीत दुसरा. करडा रंग करडाच दिसेल असं जुळवून घेतलं की बाकीचे रंगही बरेचसे वाटेवर येतात. ज्यांना या भाषणातलं बाकी काही करायचं नसेल त्यांनी एवढं तरी करावं. काही रुपयांचा कागद आहे.

यावरून आमच्यात भांडणही झालं. फोटोग्राफर म्हणाला, थोडा रंग चढवू, लग्नाच्या फोटोत सगळेच चढवतात. आम्ही म्हणालो, चढवलास तर साडी पुन्हा परत येईल. तो म्हणाला, चढवला नाही तर मुळात विकलीच जाणार नाही. चार दिवस बोलणं बंद होतं. शेवटी ताईंकडे साडी आणि पडदा दोन्ही शेजारी ठेवले आणि त्यांनी जो रंग मान्य केला तो ठेवला. तो फोटोग्राफरच्या मनातल्यापेक्षा बराच फिका होता.

आता डोक्याच्या मागाविषयी. तो दोन तऱ्हांनी घेतला. पहिली तऱ्हा हेडसेटची. स्वस्त हेडसेटमध्ये फोन बसवतात. फोनला आपण किती वळलो हे कळतं, कारण त्यात तसे संवेदक असतात. पण आपण किती सरकलो हे त्याला नीट कळत नाही. आणि आमची सगळी मदार सरकण्यावर. मान नुसती वळवून धूपछाव दिसत नाही, बाजूला झुकावं लागतं, दुकानात काकू झुकतात तसं. झुकणं ओळखणारा बरा हेडसेट आम्ही एकाकडून दोन दिवस मागून आणला. दोन डोळ्यांना दोन फोटो मिळाले, निऱ्यांना खोली आली, जर चमकली आणि विझली. आम्ही तिघे आळीपाळीने नुसते डुलत होतो. उणिवाही लगेच दिसल्या. मान खांद्याकडे कलती केली की खोली बिघडते, कारण फोटो आडव्या ओळीत काढलेले. पुढे वाकून पाहिलं तर चित्र नुसतं मोठं होतं, नवीन काही दिसत नाही. बसल्यावरून उठताना चित्र टपकन उडी मारतं. आणि डोकं हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत वीस-एक मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला तर बऱ्याच जणांना गरगरतं. आमच्या एका बायकोला, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या बायकोला, गरगरलं. तिने तो प्रयोग घरात बंद केला.

दुसरी तऱ्हा साधी. टीव्ही, लॅपटॉप आणि त्याचाच कॅमेरा. चेहरा ओळखणारे प्रोग्राम आता फुकट मिळतात, गूगलचा मीडियापाइप आम्ही वापरला. कॅमेऱ्याला तुमचे डोळे दिसतात. ते चित्रात कुठे आहेत त्यावरून तुम्ही किती बाजूला आहात हे कळतं, त्यांच्यातलं अंतर किती भरतं त्यावरून किती लांब आहात हे कळतं. त्याप्रमाणे 318 मधला योग्य फोटो पडद्यावर येतो. चित्र किंचित मागे राहतं, पण आजूबाजूची खोली स्थिर दिसत असल्यामुळे कुणाला गरगरत नाही. डोळ्यांवर काही लावायचं नाही, चष्मा काढायचा नाही, केस विस्कटत नाहीत. शेवटचं कारण सर्वांत महत्त्वाचं ठरलं.

गेल्या दिवाळीआधीच्या प्रदर्शनात ताईंच्या स्टॉलवर हा टीव्ही लावला. सकाळी सुरू केला आणि चित्र हलेचना. काकू झुकल्या, वाकल्या, एकीने तर प्रदक्षिणा घातली, पण साडी ढिम्म. तासभर तारा तपासल्या. मग लक्षात आलं की गिऱ्हाइकांच्या मागे भिंतीवर अहिल्याबाईंची तसबीर होती आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांचा माग घेत होता. महेश्वरची साडी पाहण्याचा त्यांच्याइतका अधिकार कुणाचा, पण गर्दी वाढत होती. नमस्कार करून तसबीर दुसऱ्या भिंतीवर नेली.

त्या चार दिवसांत आम्ही एक पाहिलं. तरुण मुलं हेडसेट विचारायची, पाहायची, वा म्हणायची आणि निघून जायची. साडी घेणाऱ्या बायका टीव्हीसमोर दोनदा झुकायच्या आणि मग विचारायच्या, "खरी कुठे आहे?" खरी शेजारीच होती. ती हातात घेऊन त्या पुन्हा टीव्हीकडे बघायच्या, जुळवून. विकत घ्यायच्या त्या खरी पाहून. मग टीव्ही कशाला, असं आम्हालाही वाटलं. पण त्यातल्या काही जणींनी महिनाभराने दुसऱ्या रंगाची धूपछाव फोनवरून मागवली, ती न पाहता. कारण फोनवर जे दिसतं ते हातात आल्यावरही तसंच असतं, हे त्यांनी एकदा ताडून पाहिलं होतं.

फोनसाठी आम्ही तेच फोटो लहान केले, एका साडीचे साधारण पंचाण्णव एमबी. तेही जड झाले म्हणून आता मधली एकच ओळ आणि तीही विरळ पाठवतो. बोट सरकवलं की झाक बदलते. डोक्याचा माग त्यात नाही. तंत्र म्हणून हे 1995 च्या मागे गेल्यासारखं आहे, पण ताईंचं खरं काम यानेच होतं. साड्या परत येणं कमी झालं आहे. ते फोटोंमुळे की आता साडीबरोबर "ही साडी दोन रंगांत दिसते" अशी चिठ्ठी जाते त्यामुळे, हे आम्ही छातीठोक सांगणार नाही. चिठ्ठीची कल्पना आमची नव्हती, ताईंची होती.

2023 पासून फोटोंवरून दृश्य उभं करण्याची एक नवी पद्धत आली आहे, त्यात लाखो रंगीत ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका कोनाप्रमाणे रंग बदलतो. एका भाच्याच्या गेमच्या संगणकावर आमचे 318 फोटो घालून पाहिले. उठता-बसताना चित्र उडी मारत नाही, हे फार बरं वाटलं. पण बुगडीतली बारीक वीण विरघळल्यासारखी झाली. भाचा म्हणतो, अजून फोटो लागतील. पुढचा मे महिना येऊ द्या.

ज्यांनी एकरंगी विणायला घेतलं होतं त्या ताईंना आम्ही हा टीव्ही महेश्वरला नेऊन दाखवला. त्या उभ्या राहिल्या, डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या. मग अगदी जवळ जाऊन पदराच्या खाली बोट ठेवून म्हणाल्या, "इथे माझा एक धागा चुकलाय." फोटोग्राफर म्हणाला, संगणकात पुसून टाकतो, दोन मिनिटांचं काम. त्या म्हणाल्या, "नको. साडीत आहे ना तो."

हा टीव्ही मागच्या दाराशी लावला आहे, विसर्जनाच्या आदल्या दिवसापर्यंत राहील. साडीही शेजारी आहे, हात लावून पाहा, फक्त आधी प्रसादाचा हात पुसा. एका वेळी एकानेच समोर उभं राहावं, नाहीतर कॅमेरा गोंधळतो. तो धागा उजवीकडून पाहिलं तरच दिसतो.